दा नांगचा खरा हिशोब

मागून स्कूटरचे आवाज येतायत, त्याला इलाज नाही. मी व्हिएतनाममध्ये, दा नांगच्या आन थुओंग भागात बाल्कनीत बसलोय. मी के बीच इथून पाच मिनिटांवर.

आजचा एपिसोड एका मित्रामुळे. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, "तुझी रील बघून पेपर टाकलेत." त्या रीलमध्ये मी बोललो होतो, महिना पन्नास हजारांत समुद्राकाठी राहा. खोटं नव्हतं ते. अर्धं होतं.

एक रुपया म्हणजे साधारण 300 डोंग. माझ्या स्टुडिओचं भाडं 80 लाख डोंग, म्हणजे 27 हजारांच्या आसपास. गल्लीत मी क्वांग नूडल्स 40 हजार डोंगला, सव्वाशे-दीडशे रुपयांत पोट भरतं. शाकाहारी असाल तर पाटीवर 'चाय' शोधा. चहा नाही मिळत तिथे, चाय म्हणजे शाकाहारी! मी पहिल्या दिवशी फसलो होतो.

इथपर्यंत रील. आता जे दाखवलं नाही ते.

घरमालक विजेला युनिटमागे 4 हजार डोंग लावतो. सरकारी घरगुती दराची सुरुवात याच्या निम्म्यावर आहे. मेमध्ये एसी लावून कोड लिहिताना हे कळतं. ई-व्हिसा 90 दिवसांचा. संपला की देशाबाहेर जा, नवीन घेऊन परत या. तिकीट, हॉटेल, बुडालेले दोन दिवस, सगळं आपल्या खिशातून. माझा जर्मन शेजारी 45 दिवस व्हिसाशिवायच येतो. आपला पासपोर्ट महाग आहे, बाबांनो. आणि या व्हिसावर इथे नोकरी करायची परवानगी नसते, हेही रीलमध्ये नव्हतं.

सगळ्यात मोठा फटका स्कूटरचा. आपल्याकडे आरटीओ जे इंटरनॅशनल परमिट देतं ते 1949 च्या करारानुसारचं, आणि व्हिएतनाम मानतं 1968 चा करार. भाड्याने गाडी देणारा काहीच विचारत नाही. मीही विचारलं नाही. ऑक्टोबरच्या पावसात वळणावर घसरलो, मनगट मोडलं. बिल 1 कोटी 20 लाख डोंग, चाळीस हजार रुपये. विमा कंपनी म्हणाली, तुमचं लायसन्स इथे चालत नाही, क्लेम नाही. आईला मी सांगितलं, जिममध्ये लचकलं. (आई, ऐकत असशील तर सॉरी.)

काल वर्षाची एक्सेल शीट काढली. व्हिसाच्या फेऱ्या, डिपॉझिटमधून कापलेले पैसे, हॉस्पिटल, गणपतीला घरी जायचं तिकीट, सगळं धरून भागिले बारा. महिना 74 हजार.

मला परवडतं, कारण माझा पगार पुण्याहून येतो. मित्राकडे नोकरीच नसणार.

शीट त्याला पाठवली. नोटीस पिरियडचे 52 दिवस बाकी आहेत, आज तो एचआरशी बोलतोय. ती जुनी रील मी काढून टाकलीय. तरीही आलाच, तर सोफा आहे. फक्त ऑक्टोबरमध्ये येऊ नकोस रे, आणि स्कूटर घेऊ नकोस. ग्रॅब बोलव.