उजेड धरणारा मित्र



नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरला शिकत असताना केला. २००९ च्या या लघुपटाला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ लागलेल्या गरीब पोराची ती गोष्ट.

आपल्या लघुपटाला पुरस्कार नव्हता. पण असदगडावर, अकोल्याच्या उन्हात, “सावली पडू राह्यली बे!” ऐकत आपला एक मित्र दिवसभर थर्माकोल धरून उभा होता. आज तो आपल्यात नाही. पडद्यावर तो कुठेच दिसत नाही. मात्र नायकाच्या चेहऱ्यावरचा उजेड त्याच्याच हातचा आहे.

आताच्या मुलांनाही असं एकत्र राबता यावं. त्यांच्यासाठी शाळेला एक कॅमेरा आपण सर्वांनी मिळून देऊ या.