गरजेतून घडते ते साधन



साधनाची खरी परीक्षा वापरणाऱ्याच्या हातात होते. संगणकीय साधने घडवताना मात्र या साध्या सत्याचा विसर फार लवकर पडतो.

यूपीआयचेच उदाहरण घ्यावे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये ही प्रणाली आणली. खाते क्रमांक लिहिण्याची कटकट संपली, पैसे क्षणात जमा होऊ लागले. तरीही भाजीविक्रेत्याची अडचण उरलीच. हातात तराजू, समोर गिऱ्हाइकांची गर्दी. रक्कम आली की नाही, हे पाहण्यासाठी दर वेळी मोबाइल काढायचा कसा? एखाद्याने दाखवलेली पावती बनावट निघाली, तर कष्टाची कमाई बुडते.

आकर्षक पडद्याने ही चिंता मिटली नसती. ती मिटवली एका लहानशा बोलक्या पेटीने. साऊंडबॉक्स जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगतो, तीही मराठीसह अनेक भाषांत. विक्रेत्याचे हात आणि डोळे कामातच राहतात.

दुसरा प्रश्न स्मार्टफोन नसलेल्यांचा. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ सुरू केले आणि साध्या फोनवरूनही, इंटरनेटविना, पैसे पाठवण्याची सोय झाली.

या दोन्ही सोयींचा उगम माणसाच्या अडचणीत आहे. म्हणून साधन घडवू पाहणाऱ्या तरुणांनी आधी बाजारात उभे राहावे, माणसांची कामे निरखावीत आणि मगच संगणकापुढे बसावे. ग्राहक मोल देतो ते अडचण दूर झाल्याचे!