शेजाऱ्याची भाषा आणि जगाची शांती

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त चेन्नईतील वेस्ट मांबलम येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



‘विश्वशांती आणि तिच्यासाठी चाललेले प्रयत्न’ या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची आज्ञा आहे. विषय मोठा, वक्ता लहान. राष्ट्रसंघाच्या सभागृहात काय घडते यावर आपले फारसे नियंत्रण नाही. म्हणून मी आपल्या हाती असलेल्या एका प्रयत्नाविषयीच बोलणार आहे. त्याचा आरंभ याच तामिळनाडूत, एका तुरुंगात झाला.

१९३० च्या सविनय कायदेभंगात अमळनेरच्या शाळेतील एक शिक्षक नोकरी सोडून सामील झाले. सरकारने त्यांना प्रथम धुळ्याच्या आणि पुढे तिरुचिरापल्लीच्या कारागृहात ठेवले. ते म्हणजे आपले साने गुरुजी. परक्या प्रांतातील त्या बंदिवासात गुरुजी तमिळ शिकले आणि पुढे त्यांनी ‘तिरुक्कुरळ’चे मराठीत भाषांतर केले. १३३ अध्याय आणि १३३० द्विपदींचा हा ग्रंथ मराठी वाचकाच्या दारी आला, तो असा.

या ग्रंथाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. १९०८ साली टॉलस्टॉय यांनी एका भारतीय क्रांतिकारकाला उत्तरादाखल दीर्घ पत्र लिहिले. हिंसेला हिंसेने उत्तर देऊ नये, हे सांगताना त्यांनी कुरळमधील, कोणालाही दुःख न देण्याविषयीच्या द्विपदींचा आधार घेतला. ते पत्र गांधीजींच्या वाचनात आले आणि त्यांनी त्याचा गुजरातीत अनुवाद केला. तमिळ कवीचा विचार रशियात गेला, तेथून गांधीजींपर्यंत आला आणि गांधीजींच्या चळवळीतील मराठी शिक्षकाने तमिळ तुरुंगात बसून तो मुळातून वाचला! प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी परकी भाषा शिकण्याचे वा अनुवादाचे कष्ट घेतले, म्हणूनच हे घडले.

स्वातंत्र्यानंतर गुरुजींनी या अनुभवाला ‘आंतरभारती’ या कल्पनेचे रूप दिले आणि १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात ती मांडली. प्रांताप्रांतांतील तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावे, एकमेकांचे साहित्य वाचावे, असा तिचा आशय. विनोबांनीही वेल्लूरच्या तुरुंगात दक्षिणेकडील चारही भाषांचा अभ्यास केला होता. १९५६ साली त्यांची भूदानयात्रा तामिळनाडूत आली, तेव्हा त्या अभ्यासाचे मोल कळले. पुढे १९५७ साली केरळात त्यांनी शांतिसेनेचा पाया घातला.

भाषा शिकल्याने युद्धे थांबतात, असा भाबडा दावा मी करणार नाही. एक भाषा बोलणारे भाऊबंदही बांधावरून डोकी फोडतात. तरीही उलट बाजू विसरता येत नाही. १९६५ साली या प्रांतात भाषेच्या प्रश्नावर माणसे प्राणांना मुकली. त्याच दशकात मुंबईत दाक्षिणात्य कष्टकऱ्यांना आणि उपाहारगृहांच्या मालकांना मराठी रोषाला तोंड द्यावे लागले. मुंबईतील ‘मद्रासी’ आणि मद्रासमधील ‘वडक्कन’ हे दोघेही, पोटासाठी घर सोडलेले, तुमच्या-माझ्यासारखेच. ज्याची भाषा आपल्या कानाला निव्वळ गोंगाट वाटते, त्याच्याविषयी कोणीही काहीही सांगावे आणि आपण ते खरे मानावे, हा धोका तेथूनच सुरू होतो. युद्धाची बीजे माणसाच्या मनात रुजतात, म्हणून शांतीची तटबंदीही तेथेच उभारावी, असा युनेस्कोच्या १९४५ च्या घटनेचा आशय आहे. मनात शिरण्याचा राजमार्ग भाषाच आहे.

आता आपल्याकडे वळतो. मांबलमच्या रेल्वेमार्गाच्या या बाजूला आपल्यापैकी कित्येकांच्या संसाराची वीस-तीस वर्षे गेली. भाजीवालीशी भाव करण्यापुरते, रिक्षावाल्याला वळण सांगण्यापुरते तमिळ आपल्याला येते. शेजारच्या आजीबाईंना त्यांच्या दुःखाविषयी विचारता येईल, इतके येते काय? आणि घरी आपली मुले आजीशी मराठीत किती बोलतात? पहिला प्रश्न शेजारधर्माचा, दुसरा स्वधर्माचा. दोन्हींची उत्तरे समाधानकारक नसतील, तर मूल दोन्ही घरी पाहुणेच राहील.

गावाकडील पालकांनाही माझी विनंती आहे. आज महाराष्ट्रातील मराठी शाळांत वीटभट्टीवर, बांधकामावर आलेल्या परप्रांतीय मजुरांची मुले बसतात. त्यांना आपली मराठी प्रेमाने द्यावी आणि त्यांच्या भाषेतील एखादे गाणे, एखादी गोष्ट वर्गाने ऐकावी. त्यासाठी निधी लागत नाही, शासनाची मंजुरीही लागत नाही.

शाळेने साठ वर्षांत आपल्याला मातृभाषेत विचार करायला शिकवले. ज्याला स्वतःच्या आईचा अभिमान आहे, त्यालाच दुसऱ्याच्या आईचा मान कळतो. हीरक महोत्सवाची भेट म्हणून येथील प्रत्येक कुटुंबाने वर्षभरात एका तमिळ कुटुंबाशी त्याच्या भाषेत मनमोकळे बोलण्याइतकी तयारी करावी आणि शाळेच्या ग्रंथालयाला कुरळच्या मराठी अनुवादाची एक प्रत द्यावी, एवढी सूचना करून मी आपली रजा घेतो.

नमस्कार. वणक्कम.