हौशी नेमबाजाला परवडणारी बंदूक



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी 'बंदूक' म्हटले आणि ते जरा गप्पच झाले. त्यात नवल नाही. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात हा शब्द आवाज खाली करूनच बोलण्याची सवय लागलेली आहे. पण मला लहानपणापासून नेमबाजीची हौस. सातवीत शाळा सुटली, भातगिरणीत पोती वाहिली, पुढे हमालांची संघटना बांधली. या सगळ्यात ती हौस काही सुटली नाही. हमालाच्या पोराला अशी हौस असावी की नसावी, आणि असलीच तर ती त्याने कोणत्या बंदुकीवर भागवावी, एवढाच आजचा माझा प्रश्न आहे.

माझी पहिली बंदूक मार्कंड्याच्या यात्रेतली. फुगे फोडण्याच्या दुकानात ती टेबलावर ठेवलेली असे. तिची माशी वाकडी होती. फुग्यावर नेम धरला की छर्रा चार बोटे डावीकडे जाई. मी तीन वर्षे पैसे घालवले आणि चौथ्या वर्षी उजवीकडे नेम धरून सगळी रांग फोडली. दुकानदाराने मला पुढच्या खेपेला बंदूकच दिली नाही! त्यातून मी एक गोष्ट शिकलो. हत्यार हातात घेतल्यावर त्याचा दोष आधी ओळखावा, मग नेम धरावा.

आता बाजारातल्या बंदुकांकडे वळू. १९५९ चा शस्त्र कायदा मी दोन-तीनदा वाचला आहे. त्याच्या तेराव्या कलमात परवान्यासंबंधी काही बंदुका वेगळ्या काढल्या आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नाही अशा गुळगुळीत नळीची बंदूक. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी पॉइंट टू टू रायफल किंवा हवाबंदूक. कायदा करणाऱ्यांना शेतकरी आणि खेळाडू हे दोघे वेगळे दिसत होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पहिली ठासणीची, म्हणजे आपली भरमार. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचे आणि मागे टोपी बसवायची. जुन्या वस्तूंचा शौक असलेल्यांना ती फार विलक्षण वाटते. परदेशात हौशी लोक अशा बंदुकांच्या स्पर्धाही भरवतात. किमतीला ती सर्वांत हलकी. पण एक बार उडाला की पुन्हा भरेपर्यंत रानडुक्कर बांधी ओलांडून जाते. आणि दमट हवेत तिचा भरवसा नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या मोठेबाबांजवळ परवान्याची भरमार होती. निवडणूक आली की ती सायकलला बांधून ठाण्यात जमा करायची, निवडणूक संपली की सोडवून आणायची. एका साली धान लोंबीवर आले असताना रात्री मचाणावर त्यांनी चाप ओढला. टोपी वाजली, बार उडाला नाही. दारू सादळली होती. अंधारात घाईने त्यांनी आधीच्या बारावरच दुसरा बार ठासला. या खेपेला दोन्ही पेटले आणि नळी फाटली. डाव्या हाताचा अंगठा गेला, एका डोळ्याची नजर गेली. पुढे त्यांना धानाची पेंढी बांधता आली नाही. आमच्या घरात या बंदुकीला स्वस्त म्हणणारा आता कोणी नाही.

दुसरी एकनळी बारा बोअर. 'बारा' कशावरून, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी होईल तेवढी नळीची रुंदी, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. हिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होत आली आहेत. तो कारखाना १८६९ चा. तिथल्या कामगारांच्या कित्येक पिढ्या दारूच्या शेजारी बसून पोट भरत आल्या. बंदूक सरळ, मजबूत, दुरुस्तीला सोपी. पण खांद्याला धक्का मोठा, प्रत्येक बाराला काडतुसाचे पैसे, आणि छर्रे पसरत असल्यामुळे कागदावर बारीक नेम शिकायला ती उपयोगाची नाही. उडत्या तबकड्या फोडायच्या तर मोठे मोकळे मैदान पाहिजे.

तिसरी तीनशे पंधराची रायफल. ही मात्र खरी नवलाची वस्तू. लष्करी थ्री-नॉट-थ्री सामान्य नागरिकाला बंद, म्हणून इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानसाठी हा वेगळा बोअर रूढ झाला. पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्याने त्या रायफली केल्या. बाहेरच्या देशांत ती क्वचितच दिसते. पण ती शिकारीची. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हौशी शिकारीचे दिवस संपवले, आणि ते योग्यच झाले. आज आरमोरी-वडशाच्या रानात वाघाने माणसे मारली आहेत. मोह वेचायला जाणाऱ्या बाईचे भय मी जाणतो. पण त्या भयावर तोडगा वनखात्याकडून भांडून मिळवायचा असतो. हौशी माणसाच्या रायफलीने जखमी झालेला वाघ गावाला अधिकच महाग पडेल.

चौथी पॉइंट टू टू. धक्का जवळजवळ नाही, काडतूस लहान, नेम सुरेख. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरवर याच बोअरच्या रायफलीने कांस्यपदक घेऊन आला. तो रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागलेला. ते वाचून आम्हा कामगार मंडळींची छाती फुगली. मात्र या चिमुकल्या गोळीला हसू नका. ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. पाठीमागे मातीचा भक्कम बांध नसेल तर ही बंदूक शेतात चालवणे हा गुन्हाच समजावा. परवाना, क्लब, काडतुसे, प्रवास, हे सारे मोजले तर मजुराच्या घराला ती झेपत नाही.

राहिली पाचवी, छऱ्याची हवाबंदूक. साडेचार मिलिमीटर नळीची आणि वीस ज्यूलच्या आतल्या शक्तीची हवाबंदूक २०१६ च्या नियमांप्रमाणे परवान्याविना घेता येते. विकणारा ओळखीचे कागद मागतो, ते द्यावेत. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, छर्रा घालायचा, झाले. दारू नाही, टोपी नाही. देशी बंदूक काही हजारांत येते. दोष आहेतच: स्प्रिंग सुटताना बंदूक पुढेमागे हिसका देते, म्हणून ती घट्ट आवळून धरणाऱ्याचा नेम चुकतो, सैल, रोज सारखीच धरावी लागते. दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या परदेशी बंदुकीत हा हिसका नसतो, पण तिची किंमत लाखांत. मी म्हणतो, हिसका देणाऱ्या बंदुकीवर शिकलेला पोरगा पुढे चांगल्या बंदुकीवर अडणार नाही.

आणि ती खेळणे नव्हे. छऱ्याने डोळा जातो. पाखरावर रोखायची नाही, माणसाकडे तोंड करायचे नाही, रिकामी असली तरी नाही.

दहा मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचा मध्य केवढा असतो, माहीत आहे? अर्धा मिलिमीटर, पेनाच्या टोकाने काढलेला ठिपका! तिथे दांडगाई चालत नाही. श्वास, पोट, पाय, मन, सगळे एका जागी आणावे लागते.

मंडळी, बंदुकीची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर पाहू नका. एका बाराला काय पडते, आणि चूक झाली तर ती कोण भरतो, हे पाहा. या हिशेबात मोठेबाबांची भरमार सर्वांत महाग आणि छऱ्याची बंदूक सर्वांत स्वस्त.

आपल्या जिल्ह्यात बंदुकीने फार लोक गेले. कित्येक गावांनी आपल्या भरमार बंदुका पोलिसांकडे जमाही केल्या. त्या गावांतल्या पोरांना आता बंदूक दिसते ती फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर. तिच्या धाकाने जगणारी मुले तिच्याकडे खेळ म्हणून पाहू शकतील का? माझे मत आहे, पाहू शकतील. पण त्यासाठी जागा लागते. म्हणून माझी मागणी आहे. युनियनवाला मागणीशिवाय खाली बसत नाही! आरमोरीत दहा मीटर लांबीची, पाठीमागे पक्की भिंत असलेली एक खोली, चार हवाबंदुका आणि शिस्त लावणारा एक माणूस. एवढे झाले तर पहिली वर्गणी माझी.