दोन जानेवारी : पुण्याची एक तारीख

२ जानेवारी १८८१ रोजी, रविवारी, पुण्यात ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. दोनच दिवसांनी, मंगळवारी, मराठी ‘केसरी’ आला. दोन्ही पत्रांमागे मंडळी एकच होती : विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर, वामन शिवराम आपटे, महादेव बल्लाळ नामजोशी. वर्षभरापूर्वी, १८८०च्या जानेवारीत, चिपळूणकर-टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. त्यासाठी शास्त्रीबुवांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली होती. दिवसा वर्गावर शिकवायचे आणि उरलेल्या वेळात अग्रलेख लिहायचे, असा हा संसार होता. त्याची किंमतही लवकरच मोजावी लागली. कोल्हापूर संस्थानच्या प्रकरणातील लेखनाबद्दल टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. चिपळूणकर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले.

ऑक्टोबर १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. उद्घाटक होते एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्डस्वर्थ, त्याच नावाच्या इंग्रज कवीचे नातू. कॉलेजला गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव दिले गेले. त्यांनी देणगीही दिली होती. सरकारवर टीका करणाऱ्यांनीच गव्हर्नरचे नाव घ्यावे, हे आज विचित्र वाटते. मंडळी मात्र व्यवहार जाणून होती. आरंभीचे वर्ग शनिवार पेठेत गद्रे वाड्यात भरत. पहिले प्राचार्य आपटे, संस्कृत कोशकार म्हणून सर्वांना ठाऊक असलेले. टिळक येथे गणित शिकवीत. आगरकरांशी मतभेद विकोपाला गेले आणि १८९० साली टिळकांनी सोसायटी सोडली.

याच कॉलेजातून पदवी घेतलेले विठ्ठल रामजी शिंदे २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात निधन पावले. १९०६ साली त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले आणि अस्पृश्यतानिवारणाला आयुष्य वाहिले. १९३३ साली निघालेला त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. तारखांच्या यादीत मात्र त्यांच्या निधनाची नोंद बहुधा गळते.

पुढे २ जानेवारी १९५४ रोजी राष्ट्रपतींच्या कार्यालयाने ‘भारतरत्न’ सन्मान जाहीर केला. १९५८ साली तो धोंडो केशव कर्वे यांना मिळाला, तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. टिळकांनी सोडलेल्या कॉलेजात १८९१ पासून १९१४ पर्यंत कर्वे गणितच शिकवीत होते.