गटाचं कर्ज आणि परदेशातली नोकरी

बचतगटाच्या बैठकीत हल्ली कर्जाचं एक नवं कारण ऐकू येतं. आधी बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन असायची. आता म्हणतात, "पोराला दुबईला पाठवायचंय, एजन्सीचं ट्रेनिंग लावायचंय." पैसे बुडाले तर हप्त्याची झळ एकट्या आईला बसत नाही, अख्ख्या गटाला बसते.

ट्रेनिंग वाईट नाही. वेल्डिंग, रुग्णसेवा, तिकडची भाषा आली तर पोराचंच भलं. आपल्या राज्य सरकारनंही २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात जर्मन शिकवणं आलंच. पण शिकवणारा वेगळा आणि नोकरीला पाठवणारा वेगळा. क्लासची पाटी कुणीही लावतं. परदेशी कामाला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला मात्र १९८३ च्या कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी लागते. तो नंबर मागा आणि 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर बघा. नोंदणी चालू आहे का बंद, तेही तिथं कळतं. गटातली एखादी शिकलेली पोरगी मोबाइलवर बघून देईल.

अशा एजंटाला सेवाशुल्क ३०,००० रुपयांपर्यंतच घेता येतं, वर जीएसटी. पावती द्यावीच लागते. मग कुणी 'ट्रेनिंग फी' म्हणून दीड-दोन लाख मागितले, तर कशाचे ते विचारा. कंपनीचं नाव, पगार, कामाचे तास लिहिलेला करार आधी दाखवायला सांगा. "आत्ता व्हिजिट व्हिसावर जाऊ दे, तिकडं बदलून घेऊ," असं म्हणाला तर तिथूनच उठा.

आपल्याकडं कुणी आईची, म्हणजे तुळजाभवानीची, आण घेतली की माणूस विरघळतो. आण राहू दे बाबा, नंबर दाखव म्हणा. खऱ्या एजन्सीला याचा राग येत नाही. कागद दाखवले की तिचंच काम सोपं होतं, कारण चार फसव्यांपायी तिच्याकडंही लोक संशयानं बघतात.

दहावी न झालेल्या पोराचा पासपोर्ट असेल, तर आखाती देशांत कामाला जायच्या आधी सरकारी मंजुरी लागते. सोबत १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा येतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, म्हणजे तो महाग म्हणून कुणी टाळत असेल तर ते खरं नाही.

आमच्या काही गटांनी आता ठरवलंय, करार बघितल्याशिवाय या कामाला कर्ज नाही, आणि पैसे रोख न देता एजन्सीच्या बँक खात्यावरच. काही बायकांना हे फार कडक वाटतं. वाटू दे. शंका असली तर केंद्र सरकारचा मोफत नंबर आहे, लिहून घ्या: १८०० ११ ३०९०.