आपोआप पाहणारा कॅमेरा आणि आपण



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, वेतन किंवा कामगार कायदे यांपैकी एखाद्या विषयावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षभर गेटसभांतून बोलतच असतो. आज मुद्दाम निराळा विषय घेतला आहे. फिल्म घालून चालणारा, पण आपला फोकस आपणच जुळवणारा जो कॅमेरा, तो कसा शिकावा, एवढाच तो विषय. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे महाराष्ट्रात गावोगावी अशा माला निघाल्या, आणि ज्यांना महाविद्यालयाची पायरी चढता आली नाही, अशा आमच्यासारख्यांचे पुष्कळसे शिक्षण अशाच मांडवांत झाले. तेव्हा येथे शिकण्याविषयी बोलणे अस्थानी ठरू नये.

आमची संघटना यंत्रमाग कामगारांची. तिच्या अभ्यासवर्गात वाचन, हिशेब व अर्ज लिहिणे यांच्या जोडीला छायाचित्रणही शिकवले जाते. कॅमेरे नवे नाहीत. १९८५ ते २००० या काळातले, कुणाच्या तरी कपाटात पडून राहिलेले, सभासदांनी आणून दिलेले ते कॅमेरे आहेत. कुणी विचारील, प्रत्येकाच्या खिशात फोन असताना हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. तातडीच्या कामाला फोनच उपयोगी, हे आम्ही वर्गातही सांगतो. परंतु शिकण्याच्या दृष्टीने पाहिले तर फोन शंभर चित्रे काढू देतो आणि एकाचाही विचार करू देत नाही. फिल्मच्या एका रिळात छत्तीस चित्रे. प्रत्येकाला पैसे पडतात, आणि चित्र कसे आले ते धुऊन आल्याशिवाय कळत नाही. म्हणून कळ दाबण्यापूर्वी माणूस थांबतो. हे थांबणे म्हणजेच निम्मे शिक्षण होय.

वर्गाच्या पहिल्याच दिवशी कांडी भरणाऱ्या एका मावशींनी आम्हाला विचारले, "दादा, यंत्र आपलं आपणच बघतंय, तर मग आम्ही काय बघायचं?" हा प्रश्न साधा नाही. गिरण्यांत व मागांवर प्रत्येक नवे यंत्र आले तेव्हा कामगाराने हाच प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे यंत्र पाहते म्हणजे नेमके काय करते, ते समजून घेतले पाहिजे.

भिंगातून चित्र स्पष्ट उमटायचे तर भिंग आणि फिल्म यांमधले अंतर, समोरची वस्तू किती दूर आहे त्यानुसार, पुढेमागे करावे लागते. पूर्वी हे काम छायाचित्रकार डोळ्याने व हाताने करीत असे. १९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीने सी-३५ एएफ नावाचा कॅमेरा बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला आपोआप फोकस करणारा पहिला कॅमेरा तो हाच. त्यात अमेरिकेतील हनिवेल कंपनीने तयार केलेला एक भाग बसवला होता. दोन बारीक खिडक्यांतून दोन चित्रे आत येत. एक आरसा स्थिर, दुसरा फिरता. दोन्ही चित्रे जेथे जुळतील तेथे भिंग थांबे. माणसाचे दोन डोळे अंतर ओळखतात, त्याचीच ही नक्कल म्हणा.

पुढच्याच वर्षी, १९७८ साली, पोलरॉइड कंपनीने दुसरी युक्ती काढली. तिचा कॅमेरा माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडी आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर ओळखी. वटवाघूळ अंधारात करते तेच. परंतु मध्ये खिडकीची काच आली की प्रतिध्वनी काचेवरूनच परते, आणि बाहेरच्या डोंगराऐवजी काचेचेच अंतर मोजले जाई. १९७९ साली कॅननने न दिसणारा अवरक्त किरण सोडून, तो कोणत्या कोनाने परत येतो त्यावरून अंतर काढणारा कॅमेरा आणला.

१९८५ साली मिनोल्टाचा ७००० हा कॅमेरा आला, आणि भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात मोटरसह ही सारी योजना शरीरातच सामावली. त्यात भिंगातून आलेल्या प्रकाशाचाच थोडा भाग खाली वळवून त्याची दोन चित्रे करतात. त्या दोहोंतील अंतरावरून फोकस पुढे चुकला आहे की मागे, आणि किती, हे एकदमच कळते. या तंत्राच्या हक्कावरून हनिवेल आणि मिनोल्टा यांचा अमेरिकेत खटला झाला. १९९२ साली ज्युरीने सुमारे ९ कोटी ६० लाख डॉलर भरपाई ठरवली, आणि शेवटी १२ कोटी ७५ लाख डॉलरांवर तडजोड झाली. "आपोआप" या शब्दाची किंमत अशी मोठी असते. यंत्रात आपोआप असे काही नसते. कुणाची तरी बुद्धी आणि कुणाचे तरी हात त्यात आधीच खर्ची पडलेले असतात.

आता मावशींच्या प्रश्नाकडे वळू. वरील सर्व यंत्रे एकच काम करतात. ती अंतर मोजतात. कशाचे अंतर मोजायचे ते त्यांना ठाऊक नसते. जुन्या कॅमेऱ्यांत चौकटीच्या मध्यभागी एक लहानशी खूण असते. त्या खुणेखाली जे येईल तेच महत्त्वाचे, असे यंत्र धरून चालते. सेवानिवृत्तीच्या समारंभाचे जुने फोटो आपण घरोघरी पाहिले असतील. सत्कारमूर्ती आणि त्यांच्या सौभाग्यवती शेजारी शेजारी उभ्या. दोघेही धूसर, आणि त्यांच्यामधल्या फटीतून दिसणारी भिंतीवरची तसबीर मात्र अगदी रेखीव. खूण फटीवर पडली आणि यंत्राने भिंतीचे अंतर मोजले. यंत्राने आपले काम चोख केले. त्याला कोणी सांगितलेच नाही की आज मान तसबिरीचा नसून माणसांचा आहे.

याला उपाय सोपा आहे, आणि आमच्या वर्गाचा पहिला धडा तोच. कळ दोन टप्प्यांची असते. मधली खूण एका माणसाच्या चेहऱ्यावर आणावी, कळ अर्धी दाबावी आणि दाबलेलीच ठेवावी. यंत्र अंतर मोजून तेथेच थांबते. मग बोट न उचलता कॅमेरा हलवून दोघांनाही चौकटीत घ्यावे आणि कळ पूर्ण दाबावी. विणकरांना हे लवकर समजते. ताण्याचा धागा तुटला की स्वयंचलित माग आपणहून थांबतो, तद्वत चांगला कॅमेरा फोकस जुळला नाही तर कळ दाबली तरी चित्र घेत नाही. नवशिका त्याला बिघाड समजतो. जाणता समजतो की यंत्र काही विचारते आहे.

यंत्र केव्हा अडते, हा दुसरा धडा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर ते अडते, कारण जुळवायला काही रेघच नसते. अंधारात अडते. ताण्याच्या एकसारख्या धाग्यांवर ते फसते, कारण एक धागा दुसऱ्यासारखाच, मग कोणता कोणाशी जुळवावा? अनेक कॅमेऱ्यांतील मधली पट्टी उभ्या रेषा ओळखते, आडव्या ओळखत नाही. अशा वेळी कॅमेरा थोडा तिरपा करून फोकस धरावा आणि मग सरळ करावा. किंवा तितक्याच अंतरावरची दुसरी ठळक कडा शोधावी.

तिसरा धडा प्रकाशाचा. मागाच्या शेडमध्ये आपल्याला लख्ख वाटते, पण फिल्मच्या दृष्टीने तेथे संध्याकाळच असते. ४०० वेगाची फिल्म घालावी. नेहमीच्या पन्नास मिलिमीटर भिंगाला शटर सेकंदाच्या साठाव्या भागाहून मंद झाले तर कोपर खांबाला टेकवावे, नाहीतर फोकस बरोबर असूनही हात हलल्याने चित्र पुसट येते, आणि दोष बिचाऱ्या फोकसला लागतो. रंगीत फिल्मवर ट्यूबलाइटचा उजेड हिरवट उमटतो, म्हणून शेडमध्ये आम्ही कृष्णधवल फिल्म वापरतो. फिल्म घालताना तिचे टोक लाल खुणेपर्यंत ओढून झाकण लावावे. पुढचे मोटर पाहते. रीळ पुरते गुंडाळले जाण्याआधी झाकण उघडू नये. आणि एक बॅटरी नेहमी जवळ ठेवावी, कारण ती संपली की हा कॅमेरा संपूर्ण संपावर जातो. मग वाटाघाटी चालत नाहीत.

हे धडे कशाला कामी येतात, त्याचे एक उदाहरण सांगतो. एका कारखान्यात मागाच्या उघड्या दंतचक्रात एका तरुण कामगाराची दोन बोटे गेली. धोक्याच्या यंत्रभागांना संरक्षक आवरण असलेच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने बजावले होते. कायदे पुढे बदलले, पण उघडे चक्र बोट तेव्हाही कापी आणि आजही कापते. त्या रात्री पाळीवर आमच्या वर्गातला एक विणकर होता. त्याचा कॅमेरा डब्याच्या पिशवीत होता आणि फिल्मवर सात चित्रे उरली होती. चक्र तेलाने काळे, कोपरा अंधारा, कॅमेरा अडला. त्याने घाई केली नाही. मागाच्या चौकटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला मागाचा क्रमांक चक्राइतक्याच अंतरावर होता. त्यावर खूण आणून त्याने कळ अर्धी दाबली, मग कॅमेरा सरकवून चक्र आणि क्रमांक दोन्ही चौकटीत घेतले.

सकाळी चौकशीचे लोक आले तेव्हा चक्रावर जाळी बसलेली होती. जाळी पूर्वीपासूनच होती, असे मालकपक्षाचे म्हणणे पडले. फिल्म धुऊन आली. चित्रात जाळी नव्हती, एवढेच नव्हे, तर जाळीच्या बोल्टांची भोके कापसाच्या तुसाने गच्च भरलेली दिसत होती. तूस एका रात्रीत असे बसत नाही, हे मागावर काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. भोकांतली तूस दिसायला फोकस नेमका तेथेच लागतो. चार बोटे मागे गेला असता तर काळा डाग दिसला असता आणि वाद पुढे चालला असता. तो तेथेच थांबला आणि भरपाईची बोलणी सुरू झाली. बोटे मात्र परत आली नाहीत, हे विसरून चालणार नाही.

निगेटिव्ह हाती असले म्हणजे सत्य सिद्ध झाले, असे आम्ही म्हणत नाही. कॅमेरा कोठे धरायचा हे माणूसच ठरवतो, त्यामुळे निगेटिव्हही पक्षपाती असू शकते. पण चित्र खरे की बनावट हा वाद आज रोजचा झाला असताना, निदान हातात धरून उजेडापुढे पाहता येईल अशी ती एक वस्तू आहे.

कामगारांच्या हाती कॅमेरा ही काही आमची कल्पना नव्हे. अमेरिकेत लुईस हाइन नावाचे एक शिक्षक होते. १९०८ पासून त्यांनी बालकामगार समितीसाठी गिरण्या, खाणी आणि शेतांत काम करणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली. मुलांची उंची आपल्या अंगातल्या बंडीच्या गुंड्यांवरून मोजून ते गुपचूप टिपून ठेवीत. त्या चित्रांनी लोकमत हलले, तरी १९१६ चा बालकामगार कायदा न्यायालयाने १९१८ साली रद्द केला, आणि देशभर टिकणारी बंदी यायला १९३८ साल उजाडले. चित्राने काम सुरू होते, संपत नाही, हा त्यातला बोध. जर्मनीत १९२६ साली कामगार छायाचित्रकारांची संघटना निघाली आणि तिचे स्वतःचे मासिकही होते. १९३३ साली हिटलरची राजवट आली आणि ती चळवळ चिरडली गेली. कामगाराने स्वतःच्या डोळ्याने पाहिलेले काहींना किती खुपते, ते यावरून ध्यानात यावे.

आणि ज्यांच्या हातांनी ही साधने घडली तेही कामगारच होते. आपल्या देशात उदकमंडलम येथे सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना १९६० साली स्थापन झाला. तेथील "इंदू" फिल्म एके काळी देशभर जाई. तो आज बंद आहे, आणि बहुतेक फिल्म परदेशातून येते. कोनिका आणि मिनोल्टा एकत्र आल्या आणि २००६ साली त्यांनी कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला. निकॉनचा शेवटचा फिल्म कॅमेरा, एफ-६, २०२० साली थांबला. अलीकडे, २०२४ साली, हाँगकाँगच्या मिंट कंपनीने रोलाय ३५ एएफ हा आपोआप फोकस करणारा नवा फिल्म कॅमेरा आणला, पण तो आमच्या सभासदांच्या पगारात बसणारा नाही. म्हणून कपाटातले जुने कॅमेरे हेच आमचे भांडवल.

मावशींना आम्ही दिलेले उत्तर असे: "किती लांब ते यंत्र बघेल. काय बघायचं ते तुम्ही सांगायचं." पहिल्या रिळात त्यांनी सहा चित्रे घेतली ती शेजारणीच्या हातांची, कांडी भरताना बोटांना पडलेल्या चिरांची. सभा, हार, पाहुणे यांचे एकही चित्र त्यांत नव्हते. आमच्या संघटनेच्या तीस वर्षांच्या अल्बमांत असे एक चित्र नाही. हार घातलेला पुढारी प्रत्येक चित्राच्या मध्यभागी रेखीव आहे, आणि कडेला उभे असलेले सभासद जागोजागी धूसर आहेत. मधली खूण नेहमी कुणावर पडत आली, याचा विचार आम्हा पुढाऱ्यांनीही केला पाहिजे.

तेव्हा आपणास एकच विनंती आहे. आपल्या घरी असा एखादा कॅमेरा निकामी समजून पडला असेल, तर तो टाकू नका. बॅटरीच्या कप्प्यातला हिरवा गंज स्वच्छ करा, एक रीळ घाला, आणि शेजारच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला अर्धी कळ दाबायला शिकवा. ते करायचे नसेल तर तो आमच्या वर्गाला द्या. वर्ग दर रविवारी सकाळी भरतो, फी नाही, आणि शिकायला कोणतीही अट नाही.